परुळेकर मॅडमची लंगडी

परुळेकर मॅडमनी दुसऱ्याची वस्तू न विचारता कधी उचलली नव्हती. स्टाफरूममधला स्टेपलर टेबलावरून टेबलावर न्यायचा तरी त्या सगळ्यांना सांगून न्यायच्या, आणि परत ठेवल्यावर पुन्हा सगळ्यांना सांगायच्या. या निर्मळ चारित्र्याला अपवाद एकच होता, आणि तो इतका सर्वमान्य होता की त्याला कोणी अपवाद म्हणतच नसे. तो म्हणजे दहावीचा पीटीचा तास.

मुलुंड पूर्वेच्या त्या शाळेत पीटीचा तास ही सार्वजनिक मालमत्ता होती. गणिताचं प्रकरण राहिलं, घ्या पीटी. इंग्रजीची तोंडी परीक्षा उरकायची आहे, घ्या पीटी. विज्ञानाचं तर विचारूच नका. दहावीच्या विज्ञानाची पुस्तकं दोन, आणि वर्ष मात्र एकच. त्यामुळे मॅडम स्टाफरूमच्या खिडकीशी बसलेल्या दशरथ खरातसरांपाशी जायच्या आणि म्हणायच्या, "सर, आज तुमचा तास घेऊ का? धडा राहिलाय." खरातसर गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकायचे. "घ्या की मॅडम, तुमचाच आहे."

विचारून घेतलं की ती चोरी होत नाही, असं मॅडमचं तत्त्व होतं. शिवाय पीटी म्हणजे त्यांच्या मते गणवेशातली मधली सुट्टी. म्हणून जूनच्या सभेत त्यांनी रीतसर सुचवलंही होतं, की दहावी 'ब'ची पीटी वेळापत्रकातूनच काढावी आणि तो तास विज्ञानाला द्यावा. निदान दर आठवड्याला विचारायचा संकोच तरी वाचेल. मुख्याध्यापिका राधा कांबळे म्हणाल्या होत्या, "सहामाहीनंतर बघू."

आणि मग खरातसरांना मतदारयाद्यांच्या कामाचा हुकूम आला. शिक्षक हा मुळात याद्या करण्यासाठी जन्माला आलेला प्राणी आहे, मधल्या फावल्या वेळात तो मुलांना शिकवतो, अशी सरकारची प्रामाणिक समजूत आहे. सरांनी शिट्टी कांबळेबाईंच्या टेबलावर ठेवली आणि पिशवी खांद्याला लावून ते दारोदार निघाले.

कांबळेबाईंनी सभा बोलावली. "आठवी-नववीला कोणीही जाईल. दहावी 'ब'च्या पीटीला कोण?"

सगळे टेबलावरच्या काचेखाली काय आहे ते वाचू लागले.

"सोपं आहे," बाई म्हणाल्या. "ज्याला सवय आहे त्याने जावं. आजवर दहावी 'ब'च्या पीटीला सगळ्यात जास्त वेळा कोण गेलंय?"

सगळ्या माना एकदम परुळेकर मॅडमकडे वळल्या. मॅडमनी या युक्तिवादात चूक शोधायचा प्रयत्न केला. त्या एमएस्सी होत्या, पदार्थविज्ञान घेऊन. चूक सापडली नाही.

"आणि ऐका," बाई शिट्टी मॅडमपुढे सरकवत म्हणाल्या, "खरातसरांनी मुलींचा संघ आंतरशालेय लंगडीला टाकलाय. नावं गेलीत, आता मागे घेता येणार नाहीत. स्पर्धेत पोरी काय करतात ते बघू. काही जमलं तर पीटी राहील. नाहीतर मॅडम, तुमचंच म्हणणं खरं. तास विज्ञानाला."

लंगडीच का, याला कारण होतं. शाळेला मैदान नव्हतं, फरशीचं अंगण होतं. क्रिकेटला मैदान लागतं, खो-खोला खांब लागतात, लंगडीला एक पाय लागतो, आणि तो मुली घरून आणतात. खेळ सगळ्यांना माहीत असलेलाच. एक चौकोन आखायचा, त्यात समोरच्या संघाच्या मुली पळणार, आपल्या संघातली एकजण एका पायावर उड्या मारत आत शिरणार आणि सापडेल तिला शिवणार. शिवली की ती बाद. उचललेला पाय टेकला की आपली परत, दुसरी आत. ठरल्या वेळात ज्यांनी जास्त शिवल्या ते जिंकले.

म्हणजे मॅडमनी काहीही केलं नसतं तरी तास आपोआप त्यांच्याकडे चालत आला असता. पण अंगावर आलेलं काम वाईट करणं हे त्यांना जमत नसे. तो त्यांचा दोषच होता.

पहिल्याच तासाला त्या खडू घेऊन अंगणात गेल्या आणि त्यांनी फरशीवर एका पायावर उभी असलेली मुलगी काढली. पोटाच्या जरा खाली एक टिंब, टिंबातून सरळ खाली एक तुटक रेघ. "हा गुरुत्वमध्य. ही रेघ पावलाच्या आत पडते तोवर आपण उभे. पावलाबाहेर गेली की पडलो. लंगडी म्हणजे एवढंच."

मुलींनी त्या टिंबाकडे आदराने पाहिलं. मग कप्तान पुढे आली. श्रुतिका तांबे ही विज्ञानाच्या तासाला शेवटच्या बाकावर बसायची आणि उत्तर द्यायची वेळ आलीच तर असं द्यायची, की ऐकायला स्टेथोस्कोप लावावा लागेल. इथे मात्र तिचा आवाज टाकीवरच्या कावळ्यांना उडवण्याइतका होता.

"मॅडम, बरोबरच आहे हे. पण तुम्ही एकदा घालून बघा ना."

मॅडमनी पदर खोचला. पहिल्या उडीला शास्त्र शाबूत होतं. दुसऱ्या उडीला ती तुटक रेघ थोडी हलली. तिसऱ्या उडीला मॅडमच्या गुरुत्वमध्याने पावलाची साथ सोडून पाण्याच्या टाकीकडे प्रयाण केलं. हाताला लागली ती झेंड्याच्या खांबाची दोरी. पंधरा ऑगस्टनंतर कोणी हात न लावलेली वरची कप्पी अशी किंचाळली, की शिपाई शिवदास टोपी घालत बाहेर धावत आले आणि सावधान उभे राहिले.

"मॅडम, आज काय आहे? मला कोणी बोलला नाय!"

एकही मुलगी हसली नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. श्रुतिकाने नुसता हात दिला आणि इतक्या हळुवारपणे बोलली, की तो हळुवारपणा मॅडमना गुडघ्यापेक्षा जास्त लागला.

"खाली बघता तुम्ही. पायाकडे बघायचंच नाही, मॅडम. जिला पकडायचंय तिच्याकडे बघा."

आपण करून न पाहिलेला प्रयोग वर्गात दाखवायचा नाही, हा मॅडमचा प्रयोगशाळेतला नियम होता. तो लंगडीला लागू होऊ नये असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे, त्यांचे यजमान सुबोधराव घोरत असताना, त्यांनी घरातला दिवाणखाना मोकळा केला आणि सोफ्यापासून टीव्हीपर्यंत लंगडी घालायला सुरुवात केली.

आता इथे नवसंकल्प सोसायटीविषयी थोडं सांगावं लागेल, कारण पुढचा सगळा घोटाळा तिथेच झाला. नवसंकल्प ही चार मजल्यांची जुनी इमारत, आणि अशा इमारतीत राहणाऱ्या माणसांचे दोनच पक्ष असतात. एक म्हणतो पाडा आणि नवीन बांधा, दुसरा म्हणतो हात लावू नका. हात लावू नका पक्षाचे पुढारी सेक्रेटरी चंद्रप्रकाश प्रधान. त्यांच्या मते हल्ली असं सिमेंट मिळतच नाही. पाडा पक्षाचे अंबादास गायकवाड, तारखात्यातून निवृत्त, आणि नेमके मॅडमच्या खालच्या मजल्यावर. त्यांच्या मते इमारत उद्या सकाळी पडणार होती. कितीतरी वर्षं ती उद्या सकाळीच पडणार होती.

मॅडमच्या सरावाला आठवडा झाला असेल नसेल, गायकवाडकाकांच्या छताचा एक पोपडा सुटला आणि बरोबर त्यांच्या चहात पडला.

काकांनी तो चहा टाकला नाही. वर बशी झाकून तो कप घेऊन ते सगळ्या मजल्यांवर फिरले. दार उघडलं की बशी उचलायचे. "बघा. माझ्या डोक्यात पडला असता. रोज पहाटे धप धप धप आवाज येतो. इमारत बोलायला लागलीय, प्रधानला सांगा!"

प्रधान म्हणाले, इमारत बोलत नाही, परुळेकरांच्या वरच्या मजल्यावरचा मिथुन व्यायाम करतो. मिथुन हा जिमला जाणारा, दंडावर गोंदण असलेला तरुण, त्यामुळे संशयाला अत्यंत सोयीचा. तो म्हणाला, "अहो काका, पहाटे मी झोपलेला असतो यार!" त्यावर कोणाचा विश्वास बसला नाही. परुळेकर मॅडमचं नाव मात्र कोणाच्या मनातही आलं नाही. खुर्ची न सरकवता उचलून ठेवणारी बाई ती. उलट जिन्यात गायकवाडकाकू त्यांना म्हणाल्या, "तुमच्या तर थेट डोक्यावर वाजत असेल ना हो? कसं सहन करता?"

"आवाज येतो खरा," मॅडम म्हणाल्या. विधान म्हणून ते अचूक होतं. तरीही त्या दिवशी त्यांना वरण बेचव लागलं.

त्यात त्यांची पोटरी धरली. मुंबईत माणूस लंगडायला लागला की इमारतीत एकही मनुष्य डॉक्टर नसल्यासारखा वागत नाही. काकूंनी काशाच्या वाटीने तळपाय घासायला सांगितलं. प्रधानांनी घाटकोपरच्या एका सर्जनचं नाव दिलं, त्याने त्यांच्या मेव्हण्याचे दोन्ही गुडघे बदलले होते. मॅडमचा गुडघा शाबूत आहे हे ऐकून ते जरा खट्टू झाले. मिथुनने मात्र जिन्यात थांबून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मॅडम, पोटरी? मग उड्या मारायच्या आधी स्ट्रेच करत जा." आणि दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेला. म्हणजे याला सगळं ठाऊक होतं.

शाळेत मात्र वेगळंच काहीतरी घडत होतं, आणि ते मॅडमच्या शास्त्रीय नजरेला दिसल्यावाचून राहिलं नाही. पीटीनंतरचा तास त्यांचाच असायचा. पूर्वी या तासाला त्या पीटीच्या तासाला सुरू केलेलाच धडा पुढे ओढायच्या आणि वर्ग डोळे उघडे ठेवून झोपायचा. आता मुली घामाघूम होऊन, घटाघटा पाणी पिऊन वर यायच्या आणि चक्क ऐकायच्या. एका वर्गावरून अनुमान काढणं मॅडमच्या स्वभावात नव्हतं. तुलनेला दुसरा गट हवा. तो शेजारीच होता. दहावी 'अ'ची पीटी अजून गणिताचे सर गणितालाच घेत होते. मॅडम त्या वर्गात गेल्या, की पहिल्या बाकावर एक जांभई निघायची आणि शेवटच्या बाकापर्यंत न सांडता पोचायची. तेच पुस्तक, तोच फळा, त्याच मॅडम. फरक काय तो एका पायाचा.

आणि अंगणातल्या त्या मुली! नववीत सदा पोटात दुखतं म्हणून घरी जाणारी दर्शना आता पडली तर धूळ झटकून पुन्हा रांगेत उभी राहायची. एकमेकींशी न बोलणाऱ्या दोघीजणी एका पळणारीला कोपऱ्यात घालण्यासाठी नुसत्या भुवयांनी बोलायच्या. श्रुतिका आत शिरली की मॅडम खडू हातात धरून तशाच राहायच्या. ती पोर एका पायावर उडी मारायची, हवेतच कंबर वळवायची, आणि उतरायची ती भलत्याच दिशेला. पळणारीला वाटायचं आपण सुटलो, तोवर पाठीवर थाप पडलेली. त्या वळण्यात जेवढं शास्त्र होतं तेवढं फळ्यावर काढायला मॅडमना अख्खी सहामाही पुरली नसती. आणि एका मंगळवारी विज्ञानाच्या तासाला शेवटच्या बाकावरून हात वर झाला. "मॅडम, उडी मारल्यावर आपण हवेत असतो तेव्हा तुमची ती रेघ कुठे जाते?" आवाज शेवटपर्यंत ऐकू आला. वर्षभरातला श्रुतिकाचा तो पहिला प्रश्न होता, आणि दहावीच्या दोन्ही पुस्तकांत त्याचं उत्तर नव्हतं.

त्या दिवसापासून मॅडमना तो तास आपल्याकडे यायला नको असं वाटू लागलं.

नेमकं तेव्हाच अंगणातला पाण्याचा पाइप फुटला. फरशी उखडली, खड्डा पडला, कामगार दोन दिवस आले आणि मग खड्डा एकटाच राहिला. स्पर्धा जवळ आलेली. मॅडम पालिकेच्या कार्यालयात मैदानाची परवानगी काढायला गेल्या. खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, "खेळ कुठला?"

"लंगडी."

"लंगडी आमच्यात बसत नाही. कबड्डी करू."

"पण आम्ही लंगडी खेळणार."

"खेळा ना, कोण नाही म्हणतंय? फक्त म्हणताना कबड्डी म्हणा."

"पण ती कबड्डी नसेल."

गृहस्थांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. इतकी अडचणीची बाई त्यांच्या खिडकीशी बऱ्याच वर्षांत आली नसावी. "मॅडम, कबड्डी म्हटलंत तर उद्या मैदान. लंगडी म्हटलंत तर वरच्या साहेबांना विचारावं लागेल, आणि साहेब याद्यांच्या कामावर गेलेत."

मॅडमना कबड्डी म्हणता आलं नाही. घरी येताना त्यांनी स्वतःला बरंच सुनावलं, आणि तरीही म्हणता आलं नसतं हेही त्यांना माहीत होतं.

त्याच रविवारी सोसायटीची खास सभा. इमारत तपासायला प्रांजल नावाच्या तरुण इंजिनिअरबाई आल्या होत्या. गायकवाडकाकांनी कप समोर ठेवला. चहा आता ओळखण्यापलीकडे गेला होता, पण पोपडा तोच होता. काका मिथुनवर घसरले, प्रधानही मिथुनवरच घसरले. दोन्ही पक्षांचं एकमत झाल्याचा सोसायटीच्या इतिहासातला तो पहिलाच प्रसंग. मिथुन लाल होऊन उभा राहिला. त्याने एकदा मॅडमकडे पाहिलं आणि मान खाली घातली. 

तेव्हा परुळेकर मॅडम उठल्या. "ती धपधप माझी आहे."

"कोणाची?" काकू ओरडल्या.

"माझी. मी लंगडी घालते. रोज पहाटे. सोफ्यापासून टीव्हीपर्यंत, आणि परत."

 सुबोधराव खुर्चीत हळूहळू बुटके होत गेले. मग मागून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि सभा कोसळली. गावाहून आलेल्या मॅडमच्या सासूबाई दाराशी बसल्या होत्या, त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "गो बाय माझे, ह्या वयात लंगडी कसली घालतंस?"

इंजिनिअरबाईंनी हसू आवरून कप हातात घेतला, पोपडा उलटा करून पाहिला. "काका, ही ओल आहे. मोरीच्या पाइपची. लंगडीने प्लास्टर पडत असतं तर दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी मुंबईत एकही इमारत उभी दिसली नसती."

मॅडम अजून उभ्याच होत्या. हे वाक्य दोन मिनिटं आधी आलं असतं तर त्यांची अब्रू जागच्या जागी राहिली असती. पण मिथुन त्यांच्याकडे बघून हसत होता, आणि वरण आता नीट लागणार होतं.

"पण मॅडम, लंगडी कशासाठी?" प्रधानांनी विचारलं. मग सगळं निघालं: पीटी, स्पर्धा, खड्डा, कबड्डी. प्रधानांचे डोळे चमकले. "खेळवा पोरींना आपल्या कंपाउंडमध्ये! गाड्या काढा रे सगळ्या! लंगडीने ही इमारत हलत नाही हे गायकवाडांना एकदा दिसू दे."

"खेळवाच!" गायकवाडकाका कडाडले. "कशी हलते ते प्रधानला दिसू दे!"

मुंबईच्या सोसायटीत लोकांना गाड्या हलवायला लावणं हे काम देवालाही जमलेलं नाही. दोन परस्परविरोधी कारणांनी ते एका सकाळीत झालं.

शाळा भरण्याआधी मुली यायच्या. मिथुन, झोप मोडून, त्यांच्याकडून अंग मोकळं करून घ्यायचा. प्रधान हात मागे बांधून भिंतीला तडा गेला नाही याची खात्री करत उभे असायचे. गायकवाडकाका खिडकीत पाण्याचा पेला ठेवून त्यात लाटा उठतात का ते बघायचे. दोन दिवस त्यांनी पेला बघितला. तिसऱ्या दिवशी खिडकीतून आवाज आला, "अगं मधे काय पळतेस! तिला कोपऱ्यात घाल, कोपऱ्यात!" पेला कलंडून प्रधानांच्या डोक्यावर पडला आणि दोघांपैकी कोणाच्याही ते लक्षात आलं नाही, कारण त्याच क्षणी दर्शनाने पळणारीला कोपऱ्यात घातलं होतं. त्यानंतर काका खाली येऊनच ओरडू लागले. तडा आणि लाटा हे दोन्ही विषय मागे पडले.

स्पर्धा घाटकोपरला होती. प्रधान आणि गायकवाड एकाच रिक्षातून आले, हे पुढे कित्येक दिवस सोसायटीत सांगूनही कोणाला पटत नव्हतं. पहिला सामना मुलींनी सहज मारला. दुसरा मानखुर्दच्या एका शाळेशी. त्या पोरी चपळ, काटक, आणि त्यांनी धडाधड गडी टिपून ठेवलेले. शेवटी श्रुतिका आत गेली. एक बाद झाली, दुसरी झाली. बरोबरीला एक हवी आणि जिंकायला दोन. तिची पोटरी थरथरायला लागलेली मॅडमना रेषेबाहेरून दिसली, आणि तिची नजर पायाकडे जायला लागलेलीही दिसली.

"समोर बघ!" मॅडम ओरडल्या. वर्गातल्या पंख्याच्या आवाजाखाली बोलणारी बाई ती. तो आवाज कुठून आला हे शोधायला खुद्द पंचांनी वळून पाहिलं. "श्रुतिका! खाली नको! समोर बघ, समोर! अगं समोर!"

श्रुतिकाने मान वर केली. उडी मारली, हवेत वळली, आणि तिसरीच्या वेणीखाली थाप मारली. बरोबरी. शेवटची मुलगी दोन हातांवर होती. ती हातभर झाली, वीतभर झाली, आणि वेळ संपल्याची शिट्टी वाजली. बरोबरी सुटायला पुन्हा खेळ झाला, आणि त्यात मानखुर्दच्या पोरींनी एका गड्याने सामना नेला. श्रुतिका रडली नाही. ती त्या शेवटच्या मुलीपाशी गेली आणि विचारलं, "तू डावीकडे पळणार असं दाखवून उजवीकडे कशी जातेस गं? मला दाखव ना." दोघी मैदानाच्या कडेला एका पायावर उभ्या राहून ते करत राहिल्या. गायकवाडकाका डोळे पुसत प्रधानांना म्हणाले, "धूळ फार आहे इथे."

सोमवारच्या सभेसाठी मॅडमनी जय्यत तयारी केली होती. दहावी अ आणि ब, जांभया आणि प्रश्न, दर्शनाची पोटदुखी, सगळं मुद्देसूद पाठ. कांबळेबाई म्हणाल्या, "पोरी दुसऱ्या फेरीत हरल्या. विज्ञानाचा तास वाढवा असा पालकांचाही धोशा आहे. मॅडम, सूचना तुमचीच होती. बोला."

मॅडम उठल्या, बोलल्या, आणि त्यांच्या तोंडून हवा बाहेर पडली. घाटकोपरला जो आवाज निघाला होता तो घाटकोपरलाच राहिला होता. त्यांनी हातवारे केले, गुरुत्वमध्य दाखवला, जांभई देऊन दाखवली. गणिताचे सर म्हणाले, "मॅडम दमलेल्या दिसतात." कांबळेबाईंनी मायेने त्यांना बसवलं. "बोलू नका, त्रास होईल. तुमच्या मनासारखं झालं, नाही का? मंजूर."

दहावी 'ब'च्या वेळापत्रकात पीटीवर कागदाची पट्टी चिकटली. विज्ञान, परुळेकर. आयुष्यात मागितलेली एक गोष्ट इतक्या वाईट वेळी मिळालेली मॅडमनी कधी पाहिली नव्हती.

पुढच्या आठवड्यात अंगणातला खड्डा बुजला आणि याद्या संपवून खरातसर परत आले, उन्हाने काळवंडलेले. ते त्या पट्टीसमोर थबकले.  खिडकीशी आपल्या जागी जाऊन बसले. घंटा झाली. मॅडमनी विज्ञानाचं पुस्तक उचललं, दारापर्यंत गेल्या, थांबल्या, आणि परत फिरून खिडकीपाशी आल्या.

"सर," आवाज अजून घोगराच होता, "आज माझा तास घेता का? धडा राहिलाय."

सरांना कळेना. "मॅडम, धडा राहिलाय तर तुम्हीच घ्या ना."

"राहिलाय म्हणूनच." मॅडमनी पर्समधून शिट्टी काढून त्यांच्यासमोर ठेवली. "श्रुतिकाला डावीकडे दाखवून उजवीकडे जायचंय. मला ते शिकवता येत नाही. अजून मलाच जमत नाही."

सरांनी शिट्टी उचलली. "खरंच घेऊ?"

"घ्या की सर, तुमचाच आहे."

विचारून घेतलेला तास ही चोरी नसते, तर विचारून दिलेला तासही नियमाबाहेर नसणार. मॅडम वरच्या व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या, आणि थोड्या वेळाने मागून कांबळेबाईंच्या चपलांचा आवाज आला. खाली अंगणात चौकोन आखलेला होता, मुली किंचाळत पळत होत्या, आणि नव्या फरशीवर मॅडमच्या हातचं ते टिंब आणि तुटक रेघ पुन्हा काढलेली होती.

"परुळेकर मॅडम, वेळापत्रकात विज्ञान आहे."

"हो बाई. प्रात्यक्षिक चालू आहे."

कांबळेबाईंनी कठड्यावर हात टेकले. शेजारच्या दहावी 'अ'च्या खिडकीत एक जांभई उगवली आणि मागच्या बाकांकडे सरकत गेली. बाईंनी ती शेवटपर्यंत जाताना पाहिली. मग पुन्हा खाली पाहिलं.  श्रुतिकाने डावीकडे दाखवलं, हवेत वळली आणि उजवीकडे उतरली. बाईंचा एक पाय आपसूक जमिनीवरून बोटभर वर झाला होता.

"प्रात्यक्षिक एका तुकडीला आणि दुसरीला नाही, हे काही बरं दिसत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "गणिताच्या सरांशी मी बोलते." आणि जाता जाता वळून, "ती वेणीवाली पोरगी पायाकडे बघतेय. तुमचा आवाज आलाय ना आता? मग ओरडा की!"